धुक्यावरचे माळरान

पूर्वी शिलापूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व घाटमाथ्यावर एका वाटाड्याच्या घरी जन्मले. तांड्यांना डोंगर उतरवून समुद्रकाठी पोहोचवणे हे त्यांचे काम.

एका हिवाळ्यात बंदरात तापाची साथ पसरली. सुनंद नावाचा तांड्याचा नायक औषधी मुळ्यांच्या गोण्या बैलांवर लादून निघाला. सोबत रेवा नावाची वैद्यीण होती. सुनंदाची बहीण त्याच बंदरात अंथरुणाला खिळली होती. वाटेत त्याला घास गोड लागत नव्हता.

तांडा कड्याशी आला तेव्हा पाठीमागून नुकता सूर्य उगवत होता. दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. त्यावर कोवळे ऊन पडले आणि समोर पांढरे, सपाट माळरान पसरल्यासारखे दिसू लागले. त्यात इथे-तिथे झुडपे उभी होती. बोधिसत्त्वांनी बैल थांबवले. वाट डावीकडून वळसा घेऊन उतरते आणि धुके विरेपर्यंत तीही धोक्याची आहे, असे त्यांनी सांगितले. सुनंदाला ते पटले नाही. समोर जमीन दिसत असताना थांबायचे कशाला, असे म्हणून त्याने पुढच्या बैलाची वेसण स्वतःच धरली.

बोधिसत्त्व रागावले नाहीत. त्यांनी कमरेला दोर बांधला आणि दुसरे टोक सुनंदाच्या हाती दिले.

"ती झुडपे नाहीत, दरीतल्या उंच झाडांचे शेंडे आहेत," ते म्हणाले. "धुक्यावर ऊन पडले की खोली डोळ्यांना कळत नाही. मी पुढे जातो. तुम्ही दोर तेवढा धरा."

सात-आठ पावले चालून त्यांनी कड्यावरून धुक्यात पाऊल टाकले आणि ते दिसेनासे झाले. दोराला असा हिसका बसला की सुनंद गुडघ्यांवर पडला. तळहात सोलले, पण त्याने दोर सोडला नाही. रेवाने धावत येऊन दोराचा वेढा खडकाला दिला. दोघांनी मिळून बोधिसत्त्वांना वर ओढले.

मग कोणी पुढे जायचे नाव काढले नाही. ऊन चढले, धुके विरले. झुडपांखालचे बुंधे खोल खाली गेलेले दिसले. तळाशी नदी सुताएवढी होती. सुनंद बराच वेळ पाहत राहिला. नंतर त्याने बोधिसत्त्वांचे पाय धरले.

"मी ऐकले नाही, तरी तुम्ही मला सोडून गेला नाहीत."

बोधिसत्त्वांनी त्याला उठवले. "तुम्हीही मला सोडले नाहीत. मी तुमचा ऋणी आहे."

दुसऱ्या दिवशी तांडा बंदरात पोहोचला. रेवाच्या काढ्याने सुनंदाची बहीण आणि तिच्यासारखे पुष्कळ जण बरे झाले.

एवढी पूर्वजन्माची गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा सुनंद म्हणजे हा समोर बसलेला भिक्खू सुलक्ष. रेवा म्हणजे भिक्खुणी सुजया. वाटाड्या मीच होतो. दिसते तेवढ्यावर न विसंबणे ही प्रज्ञा. पण त्या सकाळी मी वर आलो तो या दोघांच्या हातांमुळे."

सुलक्षाने हात जोडले, आणि शास्त्यांनीही.