सायाळीच्या मापाची टोपी

एका रानात एका माकडाने नवा खेळ रचला होता. डोक्यावर वेलींची टोपी घालून मनात ‘उडी’ म्हटलं, की समोर टांगलेल्या पडद्यावरच्या चित्रातला बेडूक उडी मारायचा. फासात अडकून पाय अधू झालेली सायाळ, आता आपल्यालाही खेळता येईल म्हणून आली. पण टोपी तिच्या काट्यांवरच अडकली आणि बेडूक हलेना.

“तुझ्या मनातच जोर नाही,” माकड म्हणालं. “काटे उपटून ये, मग बघू.”

सायाळ संतापली. “टोपीसाठी माप कुणाच्या डोक्याचं घेतलंस?”

“माझंच.”

“मग टोपी माझ्या डोक्याला लागलीच नाही आणि तू माझ्या मनाला नावं ठेवतोस? आणि काटे उपटल्यावर वाघ आला तर तुझा बेडूक मला वाचवणार आहे का?”

ती लंगडत निघाली. तिच्यामागून, तिथेच बसलेलं एक सांबरही उठलं. त्याची शिंगं टोपीत मावली नव्हती आणि त्यालाही माकडाने, मनात जोर नाही, असंच सांगितलं होतं.