खारूताईचा साचा

फार पूर्वी, रानातली पाखरं-जनावरं एकमेकांच्या कार्याला धावून जायची तेव्हाची गोष्ट. खारूताईच्या थोरल्या लेकीच्या लग्नात सुतारपक्ष्याने स्वतः कोरलेल्या लाकडी साच्यातून मोराच्या नक्षीचे लाडू पाडून दिले. दुसऱ्या दिवशी खारूताई पुन्हा त्याच्याकडे हजर.

"भाऊ, साचाही द्या की!"

"लाडवांचंच ठरलं होतं, ताई. साचा दिला तर मी काय नुसती चोच घेऊन फिरू?"

"आणि धाकटीच्या लग्नात तुम्ही लांबच्या रानात असलात, तर?"

खरं सांगते, दोघांचंही चूक नव्हतं. सुतारपक्ष्याने साचा उलटा करून दाखवला. मागे कावळ्याच्या घरच्या बारशाची नक्षी होती, म्हणजे तोच साचा इतरांच्या कार्यालाही लागायचा. खारूताई ओशाळली.

दुपारी ती नवी फळी आणि ओंजळभर बोरं घेऊन आली. त्याने तिच्यापुरता साचा कोरून दिला.

तेव्हापासून लाकडावर पहिली चोच मारण्याआधी तो विचारतो, "नुसते लाडू, की साचाही?"