राणीवशातली हाक

फार वर्षांमागची गोष्ट. एका डोंगरी गडावर एक राजा होता, आणि राजा म्हटला की राणीवसा आलाच. उंच भिंती, जाळीच्या खिडक्या, आत-बाहेर जायला दार एकच. त्या राणीवशाची एक जगावेगळी रीत होती. नवी सून आली की ताटातल्या तांदळांत तिचं नवं नाव लिहायचं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या एकच, जयवंती. माहेरचं नाव त्या ताटापाशी संपलं. पुन्हा कुणी ते उच्चारलं, तर त्याला त्याच दिवशी गडाखाली हाकलून देत. हौस बघा एकेकाची!

या घरात म्हाळसा नावाची मुलगी राणी होऊन आली. सोबत पाठराखीण म्हणून सगुणी आली. दोघी एकाच अंगणात वाढलेल्या. सगुणीला मागं ना आई, ना बाप. म्हाळसाच काय ती तिची.

पहिल्याच दुपारी दारावरच्या दासीनं जेवणाची हाक दिली, "जयवंतीराणीसाहेब!"

"ओ," म्हाळसा म्हणाली.

आणि जिन्याखालूनही कुणीतरी म्हणालं, "ओ." मग जाळीमागून एक ओ आली, बंद खोलीतून एक, विहिरीच्या चौकातून एक. सगळे आवाज बायकांचे. सगुणीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अगं बाई! कोण आहे तिकडं?"

"वारा असतो हो," दासी मान खाली घालून म्हणाली. भर उन्हाळ्यात झाडाचं पान हलत नव्हतं, आणि म्हणे वारा!

दिवस गेले तशी म्हाळसा बदलू लागली. ठेचा म्हणजे तिचा जीव की प्राण, तो तिनं ताटाबाहेर सारला. भावाचा निरोप आला तर म्हणाली, "मला कुठला भाऊ?" एकदा रिकाम्या पाळण्याला झोके देत बसली. "हळू बोल, बाळ आत्ताच निजलंय," म्हणाली. तिला मूल झालंच नव्हतं, आधीच्या कुठल्या जयवंतीचं बाळ ती निजवत होती कोण जाणे! सगुणी तोंडाला पदर लावून रडली.

मग एका दुपारी हाक आली तेव्हा म्हाळसा सगुणीच्या समोरच बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते. आणि तिचा आवाज पलीकडून, जाळीमागून आला, "ओ."

सगुणी ताडकन उठली. नाव घ्यावं तर गड सुटतो, न घ्यावं तर म्हाळसा हातची जाते. शेजारच्या दालनात राजाच्या आईसाहेब बसलेल्या. त्यांचा धाक असा, की मांजरही तिथून दबकत जाई.

"खड्ड्यात गेला तो गड!" सगुणी म्हणाली, आणि तिनं जीव खाऊन हाक मारली, "म्हाळसेऽऽ! अगं ए म्हाळू!"

सगळा राणीवसा चिडीचूप झाला. ओ एकच आली, अगदी समोरून.

"ओ गं! ओरडतेस काय अशी?" म्हाळसानं डोळे चोळले, इकडंतिकडं पाहिलं, आणि सगुणीच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली.

तेवढ्यात पडदा सरकला. दारात आईसाहेब उभ्या होत्या. सगुणीनं त्यांचे पाय धरले.

"चुकलं म्हणायची नाही मी, आईसाहेब. हाकला मला."

 आईसाहेब खाली बसल्या, चक्क जमिनीवर.

"माझ्याबरोबरही एक पाठराखीण आली होती," त्या म्हणाल्या. "तिनंही अशीच हाक मारली होती मला. रीत मोडली म्हणून मीच तिला हाकललं."

"काय नावानं मारली होती हाक?" सगुणीनं विचारलं.

आईसाहेबांचे ओठ हलले. पुन्हा हलले. "नाही गं आठवत," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या धाकाच्या बाई लहान पोरीसारख्या रडू लागल्या.

सगुणीला कुणी हाकललं नाही. ती रोज म्हाळसेला तिच्याच नावानं हाक मारी, आणि म्हातारी होईतो म्हाळसा म्हाळसाच राहिली. आईसाहेबांनी मात्र गावोगाव माणसं धाडली, तर ती पाठराखीण कधीच वारली होती. पुढं त्यांचीही घटका भरत आली. उशाशी सगळं घर जमून "आईसाहेब, आईसाहेब" म्हणत होतं. त्यांचे डोळे उघडे होते, कान टवकारलेले होते, पण त्या कुणालाच ओ देईनात.

तात्पर्य काय, तर आपल्याला आपल्या नावानं हाक मारणारं माणूस रितीपायी दूर लोटू नये. ते गेलं की आपण कोण होतो, हे आपल्यालाही सांगता येत नाही.