आनशीकाकी आणि पोवळ्यातला मासा

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या खारेवाडीला साधा धक्काही नव्हता तेव्हाची गोष्ट. जवळ सरका रे, लाटांच्या आवाजात माझं बोलणं विरून जातं.

इथे आनशी नावाची गाबतीण, मासेमाराची बायको, राहायची. तिचा नवरा काळकुंडीच्या खडकापाशी बुडाला आणि सापडलाच नाही. तेव्हापासून ही बाई ओहोटीला तिथे जायची, कालवं काढायच्या निमित्ताने बुडी मारायची आणि पाण्याखालच्या पोवळ्यांत त्याला शोधायची. नवरा काही मिळाला नाही. मासे मात्र ओळखीचे झाले. कुठला कुठल्या कपारीत राहतो, ते तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं ठाऊक. गाव म्हणायचं, आनशीला वेड लागलंय. सगळ्यांत जास्त हसायचा तो तिचा सख्खा दीर, होडीचा म्होरक्या बाबल तांडेल.

एकदा वादळ सुटलं आणि बाबलची होडी परतली नाही. होडी दक्षिणेला गेलेली, म्हणून गाव तिकडेच शोधायला निघालं. तेवढ्यात किनाऱ्याला फाटक्या जाळ्याचा तुकडा लागला. बाबलच्या बायकोने जाळं ओळखलं आणि मटकन खाली बसली बिचारी. त्यात एक मासा धडपडत होता. तळहाताएवढा, पिवळाधमक, डोळ्यावर काळी पट्टी आणि शेपटीजवळ दुसरा डोळा असावा तसा काळा ठिपका.

आनशीने त्याला घागरीतल्या पाण्यात सोडलं. म्हणाली, “ह्यो काळकुंडीच्या पोवळ्यातलो. जोडीन रवता, खडक सोडूचो नाय. जाळा थंय अडाकला, म्हणजे माणसांय थंयच.”

काळकुंडी तर उत्तरेला! म्हातारे कुरकुरले. पण बाबलची बायको उठून होडीत जाऊन बसली, मग पुरुषांचा नाइलाज झाला. असं म्हणतात, वाटभर मासा आनशीच्या मांडीवरच्या घागरीत खडकाकडेच तोंड करून राहिला.

बाबल आणि त्याचे गडी खडकावर छातीभर पाण्यात उभे होते. भरती चढत होती. सगळ्यांना ओढून घेतलं आणि वल्ही मारणार, तोच आधी मासा सोडायचा म्हणून आनशीने थांबवलं. गडी वैतागले. थंडीने कुडकुडणाऱ्या बाबलनेच मग वहिनीबरोबर घागरीला हात लावला.

“जा रे बाबा,” आनशी म्हणाली, “ती वाट बघता हा.”

असं म्हणतात, खालून तसाच दुसरा पिवळा मासा वर आला आणि दोघे मिळून कपारीत गेले. आनशी खूप वेळ पाण्याकडे बघत राहिली. बाबल रडला.

आजही तसला मासा जाळ्यात आला, की आपला तांडेल भरली होडी वळवून त्याला काळकुंडीला सोडतो आणि आनशीकाकीचे तेच शब्द बोलतो. त्या दिवशी घरी यायला उशीर होतो. पण घरची बाई रागावत नाही. वाट बघणं काय असतं, ते तिला माहीत असतं.