उद्याच्या बचतीचं तारण

शहराचे जुने पाण्याचे पंप बेसुमार वीज खात. नवे घ्यायला नगरपालिकेकडे पैसाच नव्हता.

तरुण अभियंता मृणाल दाभाडे नगराध्यक्ष कोठावदेंना म्हणाली, “पंप मी बसवते. वीजबिलात जी बचत होईल, तिच्यातूनच माझे पैसे द्या. बचत झाली नाही, तर काहीच देऊ नका.”

कोठावदे हरखले. पंपांच्या कर्जासाठी ते तिच्यासोबत बँकेत गेले. मॅनेजर खो-खो हसले.

“बाई, बचतीच्या भरवशावर कुठे कर्ज मिळतं का?”

“साहेब, तुमची बँक तरी कशाच्या भरवशावर कर्ज देते? लोकांच्या बचतीच्याच ना?”

मॅनेजरांचं हसू जागीच विरलं. याच खुर्चीसमोर वर्षानुवर्षं हात जोडणारे कोठावदे तिच्याकडे थक्क होऊन पाहत राहिले.

“बसा,” मॅनेजर हळूच म्हणाले, “वीज कशी वाचेल, ते नीट समजावून सांगा.”