भिवरामायचे दोन फणस

फार फार वर्षांमागं, पालवेळच्या खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडं जायचं तर होडीची वाट बघावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा खाडीकाठच्या वाडीत भिवरा नावाची बाई राहायची. तिचा नवरा धाकू तांडेल. मोठ्या गलबतावर सुकाणू धरायचा, दूर दक्षिणेच्या बंदरांपर्यंत जायचा. पोरबाळ काही झालं नाही. घर लहान, पण मागचं परसू मोठं.

त्या परसवात एक फणस होता. भिवरा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं पदराला फणसाची एक ताजी आठळी बांधून दिली होती. भिवरानं ती विहिरीपल्याड बोटानं माती उकरून खुपसली आणि विसरून गेली. कुणी तिला पाणी घातलं नाही, कुंपण घातलं नाही. आठळी रुजली, रोपानं सरळ खाली मूळ सोडलं आणि बघता बघता झाड घरापेक्षा उंच झालं. एकदा कुणीतरी म्हणालं, रोप हलवून अंगणात लाव. भिवरानं हात लावू दिला नाही. फणसाचं मूळ एकदा दुखावलं की तो रुसतो, हे तिला माहेरीच कळलेलं. जिथं रुजला तिथंच त्याला राहू द्यायचं, बस्स, एवढीच त्याची चाकरी.

मग एका वर्षी धाकू सफरीवरून आला तो नारळाच्या करवंटीत ओलं सोडण, म्हणजे नारळाचा काथ्या, भरून, आणि त्यात बोटभर मुळाचा तुकडा घेऊन. तुकड्याला दोन पानं फुटलेली, कातरल्यासारखी.

"ह्यो नीरफणस," धाकू म्हणाला. "ह्या झाडाक बी नाय. आवशीच्या, म्हंजे मोठ्या झाडाच्या, मुळाक जखम झाली की थंयसून पिल्लू येता."

"बी नाय तर मगे वाडता कसा?" भिवरानं विचारलं.

"कोणीतरी वाडवक होया. खाऱ्या वाऱ्यात ठेव नको. उन्हाळ्यात पाणी घाल, पण बुडात साचूक देव नको. आणि जप गो. इतक्या लांबसून आणलंय."

भिवरानं ते रोप घराच्या आडोशाला लावलं. समुद्राच्या बाजूनं नारळीच्या झावळ्यांचं झाप उभं केलं. तांदूळ धुतलेलं पाणी तिथं, चुलीतली राख तिथं, उन्हाळ्यात संध्याकाळची कळशी तिथं. पावसाळ्यात चर खणून ती पाणी दूर काढून द्यायची. शेजारणी हसायच्या. तेव्हा भिवरा एकाला मुलगा, दुसऱ्याला मुलगी मानून म्हणायची, "फणस माझो झील. तो आपला आपण बघता. ह्या माझा चेडू. ह्याका बघूक होया."

नीरफणस धरू लागला त्या पावसाळ्यात धाकू घरी होता. भिवरानं फळाच्या चकत्या कापल्या, तिखटमीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवल्या आणि तव्यावर खरपूस परतल्या. धाकूनं पोटभर खाल्ल्या. नारळी पुनवेनंतर तो गलबतावर गेला. गलबत परत आलं नाही.

भिवरानं कुंकू पुसलं नाही. बांगड्या उतरवल्या नाहीत. कुणी काही बोललं की ती म्हणायची, "येतलो." आणि नीरफणसाला मात्र ती फारच जपू लागली. फळं वाटायची, पण रोप कुणी मागितलं की तिचा चेहरा बदलायचा. रोप हवं तर मूळ तोडायला हवं. मूळ तोडलं आणि झाड मेलं तर? धाकूच्या हातचं तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं. गावानंही तिचं मन ओळखलं, मागणं सोडून दिलं.

अशी वर्षं गेली. मग एका कार्तिकात, भात कापणीला आलेलं असताना, भर दुपारी समुद्र उठला. पालवेळची शेती खाडीलगतची. खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घातलेला आणि बांधात एक लाकडी झडप. तिला उघाडी म्हणत. भरतीला ती मिटायची, ओहोटीला उघडायची. त्या दुपारी ती उघाडी काडीसारखी मोडली आणि खाडी शेतात शिरली. असं म्हणतात की त्या दिवशी भाताच्या लोंब्यांवर मासे पोहत होते.

पीक गेलं. पुढं प्रत्येक भरतीला पाणी आत यायचं आणि शेत पांढरं पडत चाललं. माघ सरता सरता कणगी रिकामी झाली. तेव्हा नागू गावकर भिवराच्या अंगणात आला. गावाचा मोठा माणूस, पण त्या दिवशी पायरीखालीच उभा राहिला.

"वयनी, पावसाआदी उघाडी बसाक होयी. नाय तर शेत कायमचा गेला. खाऱ्या पाण्यात टिकात असा लाकूड गावात तुझ्या फणसाचाच."

भिवरानं मान वर करून फणसाकडं बघितलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत त्याला कोवळ्या फणसांच्या कुयऱ्या लागल्या होत्या.

"झाड देतलंय," ती म्हणाली. "पण आता नाय. आदी गाव जेवांदे. मगे कुऱ्हाड घेवन येवा."

आणि गाव जेवलं. आधी कुयऱ्यांची भाजी झाली. मग फणस पिकले आणि घमघमाट खाडीपलीकडं गेला. लोकांनी गरे खाल्ले, आठळ्या उकडल्या, भाजल्या, उरलेल्या मातीत पुरून पावसाळ्यासाठी ठेवल्या. रस आटवून साठं, म्हणजे फणसाच्या पोळ्या, घातली. चारखंडं, म्हणजे काटेरी साली, गुरांना गेली. एक फणस उतरवावा तर सकाळी त्याच देठाशी दुसरा लोंबत असे, असं म्हणतात. नागू गावकर रोज येऊन वर बघायचा, आभाळाकडं बघायचा, आणि परत जायचा. कारण पाऊस जवळ येत होता आणि झाड काही रिकामं होत नव्हतं.

शेवटी भिवराच झाडापाशी गेली. बुंध्यावर हात ठेवला. "पुरे झाला रे बाबा," ती म्हणाली. "आता दमलंस तू." असं म्हणतात की त्या सकाळी झाडावर एकही फणस उरला नव्हता.

कुऱ्हाडी चालल्या तेव्हा ती घरात गेली नाही. झाड पडेपर्यंत उभी राहिली. सुताराच्या हाती पिवळंधमक लाकूड आलं. उघाडी बसली, नि तिच्या मागोमाग पाऊस आला. गोड्या पाण्यानं शेतातलं मीठ धुऊन जाऊ लागलं. लावणी झाली.

पण लावणी झाली म्हणजे पोट भरत नाही. भात पिकायला आश्विन यायचा होता. पुरलेल्या आठळ्या संपल्या. साठं संपली. तेव्हा भिवराच्या परसवात तोडलेल्या फणसाच्या बुडाशी जमीन चिरली आणि वास सुटला. उकरून बघतात तर मुळाला, मातीच्या आत, फणस लागलेला. झाड नाही, पान नाही, आणि फणस! म्हातारी माणसं हे सांगताना अजून हात जोडतात. पण तो शेवटचाच. तो गावभर गरा गरा वाटून संपला.

आता होता तो नीरफणस. एकटा. तोही भरून आला होता. भिवरा आख्खी फळं निखाऱ्यात भाजायची, फोडून घराघरात द्यायची. भाकरीच्या जागी लोक तेच खायचे. तरी एक झाड ते एकच. सगळ्यांना पुरणार किती?

शेजारची शेवंती बाळंतीण होती. एका सकाळी ती पोराला घेऊन भिवराच्या ओटीवर येऊन बसली. पोर रडत होतं, पण आवाज फुटत नव्हता.

"काकी, माका दूध येयना," शेवंती म्हणाली. दुसरं काही मागितलं नाही.

भिवरानं चुलीतलं अर्धं फळ काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. ती खात असताना भिवरा तिच्याकडं बघत होती. या वर्षी हे झाड आहे. पुढच्या वर्षी फणस नाही, आणि खारावलेलं शेत पहिल्या वर्षी पिकून पिकणार किती? घरोघरी झाड झालं नाही, तर दर पावसाळ्यात कुणीतरी अशीच येऊन बसेल.

भिवरा उठली. कोनाड्यातली कोयती घेतली आणि नीरफणसापाशी गेली. भुरभुर पावसात तिनं माती बाजूला केली. मुळं उघडी पडली. "रागावं नको हां," ती म्हणाली. झाडाला म्हणाली की धाकूला, ते शेवंतीला कळलं नाही. मग तिनं एकेका मुळाला घाव घातला.

दुसऱ्या दिवसापासून झाडाची पानं गळू लागली. मोठाली हिरवी पानं चिखलात पडून राहिली. भिवरा जेवेना. दिवसभर झाडाशी बसायची. लोक हळहळले, म्हणाले, गेलं झाड, आणि आता म्हातारीही जाणार. श्रावण संपला, भाद्रपद आला. आणि गौरीच्या सकाळी शेवंतीनं हाक मारली, "काकी, हय बघ!"

घावाघावावर कोंब फुटले होते. असं म्हणतात की गावात जेवढी घरं तेवढेच कोंब, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि वर, उघड्या पडलेल्या फांद्यांना नवी पालवी.

भिवरानं एकेक कोंब हात लावून बघितला. मग विहिरीवर गेली, हातातल्या बांगड्या उतरवल्या, कपाळाचं कुंकू धुतलं आणि शेवंतीला म्हणाली, "आता माका तेंची वाट बघूक नको." आणि ती पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. शेवंतीनं तिला धरून ठेवलं.

त्यानंतर भिवरा घरोघरी गेली. प्रत्येक परसवात स्वतः खड्डा घेतला, झाप उभं केलं, बायकांना चर कसा काढायचा ते दाखवलं. जोडीला मुळाला लागलेल्या त्या शेवटच्या फणसाची, जपून ठेवलेली, एक आठळीही पेरायला लावली. सांगायची, "ह्या आठळेक विसारलास तरी चालात. ह्या पिल्लाक विसारलास तर खबरदार." उन्हाळ्यात एक जेवू घालतो, पावसाळ्यात दुसरा. पुढं आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणी येऊ लागली, आणि तिला सगळे भिवरामाय म्हणू लागले.

अगदी म्हातारपणी ती एकदा करवंटीत रोप घेऊन होडीत बसली. पलीकडच्या काठावर उतरली. होडीवाल्यानं तिला चढण चढताना पाहिलं, तेवढंच. ती कुठल्या गावाला पोचली, कुठं थांबली, कुणालाच कळलं नाही. पण त्या किनाऱ्यावर जिथं जिथं विहिरीच्या आडोशाला नीरफणस दिसतो, तिथले लोक सांगतात, माय इथं थांबली होती, पाणी प्यायली आणि पुढं गेली.

पालवेळमध्ये अजून रीत आहे. श्रावणात पहिला नीरफणस उतरला की तो कुणी आपल्या चुलीवर ठेवत नाही. तो शेजारच्या घरी जातो आणि शेजारचा आपल्याकडं येतो. आणि गावात बाळंतीण असेल, तर सगळ्या घरांतली पहिली चकती तिच्या पानावर. वाढणारी बाई तोंडानं एवढंच म्हणते, "मायन् धाडलाय." मग ती बाळंतीण गावची असो, पाहुणी असो, की वाटेवरची कुणी असो, तिनं नको म्हणायचं नाही, पोटभर खायचं.