डोंगरभर बहर

त्या राज्यात बातमी नाचून सांगत. राज्य म्हणजे एका उंच झाडाच्या फांदीला लटकलेलं मधमाश्यांचं पोळं, आणि तिथे सगळ्यांचं बरं चाललं होतं. बातमीदार माशी बाहेरून येई, पोळ्याच्या खालच्या कडेवर फेर धरी, आणि फुलं कुठे, किती लांब, किती भरघोस हे तिच्या पावलांवरून साऱ्यांना कळे. फुलांखेरीज दुसऱ्या कशासाठी त्या नाचात पावलंच नव्हती. आजवर त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

मेणी ही पोळ्यातली घरं बांधणारी माशी. तिची धाकटी बहीण केशर कालच नव्या राणीच्या थव्याबरोबर पळसाच्या डोंगरावर बिऱ्हाड थाटायला गेली होती. मेणीने हसत निरोप दिला खरा, पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी भिंगरी नावाची बातमीदार धापा टाकत आली. ती ओढ्यापर्यंतच गेली होती. तिथूनच तिला डोंगर वरपासून खालपर्यंत लालबुंद दिसला. आणखी पुढे जावं, तर दुसरीच कुणीतरी आधी परतायची, आणि पहिल्या नाचाचा मान भिंगरीला सोडवेना. तिने असा फेर धरला की पोळं दणाणलं. डोंगरभर पळस फुललाय! लगेच आणखी चौघी तिच्यामागे नाचू लागल्या. त्या ओढ्यापर्यंतही गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचा बहर आणखीच मोठा होता.

"नशीब काढलं गं पोरीनं!" मेणी म्हणाली, आणि हातातलं काम टाकून तीही दोन गिरक्या घेऊन आली.

उन्हं कलली तेव्हा टिकली परतली. थेट डोंगरापर्यंत गेलेली ती एकटीच. तिच्या एका पंखाची कड करपली होती. तिने नाचायला पाऊल उचललं, पण ते टाकावं कुठे हेच तिला उमजेना. ती गरगर फिरली आणि कोलमडली.

"इतका मध प्यायलीय की उभंसुद्धा राहवेना!" कुणीतरी ओरडलं. पोळं खदखदून हसलं.

मेणीने तिला सावरलं. "केशर भेटली का गं?"

"मेणी, ते फुललेलं नाही," टिकली पुटपुटली. "ते झाडं खातंय. इकडेच येतंय. सांग सगळ्यांना."

"सगळ्यांच्या मागून आली," भिंगरी फणकारली, "आता काहीतरी निराळं सांगायलाच हवं हिला!"

मेणीने त्या करपलेल्या पंखाकडे पाहिलं. ती काळी कड तिने हलकेच चाचपली. पण भिंगरीच्या बातमीत केशर फुलांत लोळत होती, आणि टिकलीच्या बातमीत केशर कुठेच नव्हती. मेणीने पहिली बातमी धरली. धरल्याबरोबर तिला बरं वाटलं.

संध्याकाळी डोंगराकडून उबदार वारा सुटला, आणि त्याबरोबर करडा, हलका पराग भुरभुरू लागला. साऱ्याजणी तो झेलायला धावल्या. केशरच्या डोंगरावरचा म्हणून मेणीने तो मायेने गोळा केला. जिभेला जरा कडवट लागला, पण नवा बहर म्हटल्यावर तेवढं चालायचंच. स्वतः बांधलेल्या सगळ्यांत सुबक घरात तिने तो दाबून भरला, आणि गुणगुणत त्यावर मेणाचं झाकण बसवू लागली. मेण मात्र आज काही केल्या घट्ट होत नव्हतं.